बदलीचं गाव निवडताना

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. यजमानांची बदली व्हायची आहे, कंपनीने दोन-तीन मोठ्या शहरांची नावं पुढे ठेवली आहेत, तर कुठलं मागावं? एका भगिनीने तर स्पष्टच लिहिलंय, "ह्यांचं आणि मुलांचं ठरलंसुद्धा, दिल्ली! का, तर तिथे खाण्यापिण्याची चंगळ. सुट्टीत चार दिवस जाऊन आलो तेव्हापासून छोले-भटुऱ्यांचं कौतुक संपत नाही. माझी नोकरी, मुलांची शाळा, घरचं पाणी याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. खाण्यावरून का कुठे शहर ठरवतात?"

ठरवतात, ताई, आणि ठरवायला हरकतही नाही. बाहेरून आलेल्या माणसांचं खाणं एखाद्या शहरात कसं रुजलं, यावरून तिथल्या राहणीचा बराच अंदाज येतो. मात्र ताटात काय आहे एवढंच पाहून भागत नाही. ते ताट घेऊन कोण आलं, एकटा पुरुष आला की अख्खं बिऱ्हाड आलं, हे पाहावं लागतं.

माझं म्हणणं नीट कळावं म्हणून आधी आमच्याच भागातलं उदाहरण देते. आम्ही राहतो पालेगावात, म्हणजे अंबरनाथ पूर्वेला. गावाला लागून आता उंच इमारती झाल्या आहेत आणि एकेका जिन्यात सारा देश राहतो. आमच्याच मजल्यांवर खानदेशातल्या मावशी आहेत, बिहारचं कुटुंब आहे, केरळचं आहे, आणि उल्हासनगरची जुनी जागा अपुरी पडली म्हणून इकडे आलेलं सिंधी कुटुंबही आहे. रविवारी सकाळी जिना चढताना कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते नाकालाच कळतं.

या सिंधी शेजाऱ्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावणीत केली गेली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी. एकेका बराकीत पडदे नि पत्रे लावून कितीतरी संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या गावाची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. आजही तिथला पत्ता 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात.

इथे माणसं आली ती आजी-आजोबा आणि लेकराबाळांसकट. त्यामुळे घरचं खाणं घरातच राहिलं. पालक, चुका, शेपू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी, कांदा घालून दोनदा भाजलेली जाड कोकी, कमळाचे देठ म्हणजे भें, उरलेल्या पावाची मसाल्यातली सेयल डबल रोटी. आपण शिळ्या पोळीला फोडणी देतो, त्या पावाला देतात! श्रावणात ठदडीचा सण असतो. आदल्या दिवशी सगळं करून ठेवायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आपल्या शिळासप्तमीची ही सख्खी बहीणच म्हणायची. बायकांनी बराकीच्या दारात बसून पापड लाटले, पुरुषांनी आणि पोरांनी ते गाड्यांतून, बाजारातून विकले. दारी आलेल्या पाहुण्यापुढे पाणी आणि भाजलेला पापड ठेवायची त्यांची रीत अजून आहे. दाल पकवान तेवढं हातगाडीवर आलं आणि प्रसिद्ध झालं. बाकीचं खरं सिंधी जेवण खायचं तर आजही कुणाच्या तरी घरीच जावं लागतं.

आता गाडीत बसा आणि मुंबईला चला. तिथलं चित्र अगदी उलटं. गिरण्यांत, गोदीत काम करायला कोकणातून आणि घाटावरून आले ते मुख्यतः एकटे पुरुष. बायको गावी, शेत सांभाळत. दहा-बारा जणांनी एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायचं खानावळवाल्या बाईकडे. उडुपी भागातून पोरं आली ती हॉटेलात बश्या विसळायला. त्यांतूनच पुढे मालक झाले. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं केळीच्या पानावरचं जेवण १९४२ साली सुरू झालं. इराणातून आलेल्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर चहा आणि मस्का-पावाची दुकानं टाकली. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. हे सगळं खाणं कोणासाठी? ज्याला घरी जाऊन गरम जेवायला मिळणार नाही त्याच्यासाठी. उभ्याने खायचं, चार घासांत संपवायचं, गाडी पकडायची.

या मुंबईच्या खाण्यामागे बायका नव्हत्या असं मात्र कोणी समजू नये. हॉटेलांच्या पाट्यांवर त्यांची नावं नसतात एवढंच. गिरणगावात दोन-दोन वेळा पंधरा-वीस माणसांचं रांधणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. त्याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले होते. तोच आजचा लिज्जत पापड. परक्या शहरात पोट भरायची वेळ आली की बाईच्या हाती भांडवल असतं ते तिच्या हातच्या चवीचं.

तर मैत्रिणींनो, माझा ठोकताळा असा: काही शहरं एकट्या माणसाची असतात आणि काही बिऱ्हाडाची. हॉटेलं जागोजागी, रात्री उशिरापर्यंत उघडी, हातात कागद घेऊन खाणारी गर्दी, हे पाहून पाहुणा खूश होतो. गृहिणीने मात्र जरा थांबून विचारावं की इथल्या लोकांना घरी स्वयंपाक करायला वेळ मिळतो का, पाणी मिळतं का, ओटा घालण्याइतकं घर परवडतं का?

या नजरेने दिल्ली पाहा. तिथला तंदूर फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आणि पेशावरकडून आलेल्या कुटुंबांबरोबर घरोघर पोचला. पंजाबच्या खेड्यांत 'सांझा चुल्हा' म्हणून सामाईक तंदूर असायचा. बायका आपापली मळलेली कणीक घेऊन तिथे जमायच्या, रोट्या भाजता भाजता सुखदुःखं बोलायच्या. म्हणजे मूळ हे बिऱ्हाडाचंच खाणं. फिरायचं म्हटलं तरी दिल्ली सोयीची. मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली आणि तिचं जाळं आता दूरदूर पोचलंय, तिच्यात बायकांचा वेगळा डबा असतो. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी विद्यालय आहे. पण एक गोष्ट खाण्याच्या नादात विसरली जाते, ती हवा. २०२३ आणि २०२४ च्या नोव्हेंबरात धुरक्यामुळे तिथल्या लहान मुलांच्या शाळांचे वर्ग बंद ठेवावे लागले होते. घरात कोणाला दमा असेल तर छोले-भटुऱ्यांच्या आधी याचा विचार करा.

कलकत्त्याला म्हणजे आताच्या कोलकात्याला पूर्व बंगालातून लाखो माणसं आली तीही संसारासकट. म्हणून तिथे इलिश मासा मोठा की कोळंबी, हा वाद हॉटेलात नाही, जेवणाच्या पाटावर होतो. भाज्यांच्या सालींची, देठांची इतकी चविष्ट भाजी दुसरीकडे क्वचितच होत असेल. दुधी-दोडक्याच्या सालींची चटणी करणाऱ्या आपल्या आजीला ती नक्की आवडली असती. त्याच शहरात टांगरा भागात हाक्का चिनी लोकांचे चामडं कमावण्याचे कारखाने होते. ते शहराबाहेर हलवायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांनी हॉटेलं काढली. आज आपण गल्लोगल्ली जे 'चायनीज' खातो त्याचं मूळ शोधत गेलं तर वाट तिकडे जाते.

हैदराबादेत तर उल्हासनगरची एक थोरली बहीणच आहे. निजामाच्या फौजेत अरबस्तानातून, आजच्या येमेनमधल्या हद्रमौत भागातून, सैनिक आले. त्यांच्या बराकी होत्या तिथली वस्ती आज 'बारकस' म्हणून ओळखली जाते. बराक या शब्दाचंच ते रूप. रमजानातला हलीम आणि हरीस हे अरबांकडून आलेलं. मराठी माणसंही तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, विवेकवर्धिनीसारखी जुनी मराठी शिक्षणसंस्था आहे. ज्वारीच्या भाकरीचं तर तिथे कोणाला अप्रूप नाही.

बेंगळुरूला मात्र गेल्या काही वर्षांत शिकलेली तरुण मुलं-मुली एकेकटी आली. १९८० च्या दशकात तिथे 'दर्शिनी' निघाल्या, इडली-वडा उभ्याने खायचा. गरम, स्वच्छ, स्वस्त. पण पुन्हा पाहा, हे घाईतल्या एकट्या माणसाचं खाणं.

तुम्ही म्हणाल, सरकार शहरांचे नंबर काढतंच की! काढतं. केंद्र सरकारने २०१८ साली राहण्याजोग्या शहरांची यादी काढली, तिच्यात पुणे पहिलं आणि मुंबई तिसरी. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली, तिच्यात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं आणि मुंबई थेट दहावी. अडीच-तीन वर्षांत मुंबई काही इतकी खचली नव्हती. मोजायची पट्टी बदलली होती. आणि पहिलं आलेलं बेंगळुरू? मार्च २०२४ मध्ये तिथे बोअरवेल आटल्या आणि चांगल्या सुखवस्तू वसाहतींत टँकरची वाट पाहत बसायची पाळी आली. यादी खोटी होती असं नाही. पण यादीतला नंबर सगळ्या शहराचा असतो, आणि आपल्याला राहायचं असतं एका गल्लीत.

म्हणून मी पाच प्रश्नांची चिठ्ठी सुचवते. ती पदराला बांधून ठेवा, कोणत्याही शहरात उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी येतं का, एवढ्यावर थांबू नका. किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, लागला तर पैसे कोण भरतं, हे विचारा. दलालाला विचारू नका, जिन्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारा. आमच्या बाजूलाही एप्रिल-मे आला की टँकरचे आवाज सुरू होतात, म्हणून हे अनुभवाने सांगते.

दुसरा प्रश्न मंडईचा. पिशवी घेऊन पायी जाता येईल अशी भाजी कुठे मिळते? कोकम, गोडा मसाला, ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ मिळतं का? घरपोच सामान आणणारी मुलं आता सगळीकडे आहेत, तरी भाव करायला आणि चार माणसं ओळखीची व्हायला बाजार लागतोच.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि तो दारापासून दारापर्यंत मोजायचा. अंबरनाथ ते मुंबई सुमारे ६० किलोमीटर. गाडीत सव्वा ते दीड तास, अलीकडे-पलीकडे रिक्षा आणि पायपीट धरली तर दोन तास सहज. जाऊन-येऊन चार तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे चोवीस तास. आठवड्यातला एक अख्खा दिवस प्रवासात गेला! मुंबईच्या खाण्याचं कौतुक करताना हा दिवसही हिशेबात धरला पाहिजे. कारण तिथे काम करणारी हजारो माणसं घरासाठी आमच्या अंबरनाथ-बदलापूरला येतात आणि तिथला खर्च इथे वेळ देऊन फेडतात. आणि हिशेब यजमानांचाच नको, तुमच्या नोकरीचाही करा.

चौथा प्रश्न जरा नाजूक आहे. घरमालक तुमच्या स्वयंपाकघरात डोकावतो का? "मासे-मटण करता का?" म्हणून दारातूनच परत पाठवलेली माणसं मुंबईत आहेत, इतर शहरांतही आहेत, आणि त्यांत आपली मराठी माणसं कमी नाहीत. कुणी स्वतःच्या घरात काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सुक्या बोंबलाचा वास आला म्हणून शेजाऱ्याशी बोलणं टाकायचं आणि संध्याकाळी परगावचं खाणं चाखायला मोटारीने दहा मैल जायचं, हे कसलं शहराचं खाद्यप्रेम? रस्त्यावर ज्यांचा पदार्थ आवडतो त्यांना जिन्यातही जागा द्यायला हवी.

पाचवा प्रश्न मुलांच्या डब्याचा. मी अर्धवेळ शिकवते. मधल्या सुट्टीत वर्गातून एक फेरी मारली की कळतं, कोणत्या मुलाला इथे परकं वाटतंय. ते मूल डब्याचं झाकण आडवं धरून खातं. आमच्या वर्गात एक मुलगी सातूचं सारण भरलेला पराठा असा लपवून खायची. छटपूजेनंतर तिच्या आईने ठेकुआ दिले, तेव्हा दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांशी त्यांची अदलाबदल झाली आणि झाकण आपोआप बाजूला झालं. आता तिच्या डब्यावर इतरांचे हात आधी पडतात, तेव्हा आई दोन पराठे जास्त देते. नव्या शहरात शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत बसण्याआधी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं उभ्या राहा.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंना. "आम्हाला कोणी विचारत नाही" असं म्हणून गप्प बसू नका. हे पाच प्रश्न कागदावर लिहा, पुढे शहरांची नावं घाला आणि रात्री जेवणं झाल्यावर तो कागद यजमानांपुढे ठेवा. होकार कळवण्याआधी दोघांनी मिळून चार दिवस त्या शहरात जाऊन या. एक दिवस हवं ते हॉटेलात खा, मुलांचीही हौस होऊ द्या. उरलेले तीन दिवस कुणा ओळखीच्यांकडे किंवा चूल असलेल्या खोलीत उतरा. भाजी आणा, वरण-भात लावा, कचेरीच्या वेळेला बस नाहीतर मेट्रो पकडून पाहा. दिल्ली या परीक्षेत पास झाली तर आनंदाने जा. नाही झाली तर छोले-भटुरे घरीही करता येतात!

सरते शेवटी, आपल्या सदराच्या रिवाजाप्रमाणे एक कृती. आमच्या सिंधी शेजारणीकडून शिकलेली ही कढी. हिच्यात ताक नसतं, म्हणून नासायची भीती नाही.

सिंधी कढी (चार माणसांना)

साहित्य: पाव वाटी बेसन, तीन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, हळद, तिखट, लिंबाएवढी चिंच किंवा सहा-सात कोकमं, एक बटाटा, एका शेवग्याच्या शेंगेचे तुकडे, मूठभर गवार, सात-आठ भेंड्या, मीठ, कोथिंबीर.

कृती: तेलात मोहरी, जिरं, मेथी, हिंग आणि कढीपत्ता घालून फोडणी करा. तिच्यातच बेसन घालून मंद आचेवर चांगलं तांबूस होईपर्यंत परता. खमंग वास सुटला पाहिजे, इथे घाई केली तर कढी कच्ची लागते. मग थोडं थोडं करत सहा वाट्या गरम पाणी घाला आणि गुठळ्या मोडत ढवळा. मिरची, आलं, हळद, तिखट, मीठ घालून उकळी आली की बटाटा, शेंग आणि गवार सोडा. पंधरा-वीस मिनिटं मंद उकळू द्या. भेंड्या वेगळ्या थोड्या तेलात परतून शेवटी घाला, म्हणजे तार सुटत नाही. भाज्या शिजल्यावरच चिंचेचा कोळ किंवा कोकमं घाला. आंबट आधी पडलं तर भाज्या शिजायला वेळ लागतो. वरून कोथिंबीर. गरम भात आणि सोबत दोनदा तळलेले बटाट्याचे तुकडे, म्हणजे 'टुक', असले की आणखी काही लागत नाही.

तुमच्या शेजारी कोणत्या मुलखाची मंडळी राहतात, आणि त्यांच्याकडून तुमच्या ओट्यावर कोणता पदार्थ आला, ते जरूर कळवा. कृती मोजमापासकट लिहा, "अंदाजाने" असं लिहू नका. निवडक कृती याच पानावर देऊ.